कल्हईच्या मुळाशी : क्रॉयडनहून कथलाच्या गावाला

आमच्या क्रॉयडनच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक पितळी पातेलं आहे. आई पहिल्यांदा चिपळूणहून इथे आली तेव्हा साड्यांच्या घड्यांत गुंडाळून तिने ते आणलं. निघण्यापूर्वी मुद्दाम कल्हई करून घेतली होती, कारण इथे कल्हईवाला मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. एकदा त्यात आमटी ढवळत असताना माझ्या मुलीने विचारलं, "आजी, हे बाहेरून पिवळं आणि आतून पांढरं का?" आईने तिला सगळं सांगितलं. खड्ड्यातली भट्टी, भाता, नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने भांडंभर फिरवलेलं वितळलेलं कथील, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट राहिलं की ते कसं कळकतं. मग पुढचा प्रश्न आला : "पण कथील येतं कुठून?"

आपल्या दारापासून सर्वांत जवळचं उत्तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये आहे. इथली मराठी कुटुंबं कॉर्नवॉलला जातात, नाही असं नाही. सेंट आइव्ह्जच्या वाळूत दोन दिवस, लँड्स एंडच्या पाटीशेजारी फोटो, आणि परत. रस्त्याच्या कडेला, कड्यांच्या टोकावर उंच धुराडं असलेल्या दगडी, बिनछपराच्या इमारती दिसत राहतात आणि गाडी पुढे जाते. माझं सांगणं एवढंच आहे की एक खेप त्या धुराड्यांसाठी करा. किनारा तर वाटेत भेटतोच.

कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनमधल्या खाणींच्या मुलखाला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात एकूण दहा भाग आहेत आणि ते सगळे एका सहलीत बघायचा हट्ट धरू नये. हातात दोन पूर्ण दिवस असतील तर मुक्काम सेंट जस्टला किंवा त्याच्या जवळच्या पेन्झान्सला करा. तिसरा दिवस असेल तरच रेडरूथ आणि कॅम्बोर्न जोडा. सेंट जस्ट हे राखाडी ग्रॅनाइटच्या बैठ्या घरांचं छोटं गाव आहे. एकेकाळच्या खाणकामगारांच्या चाळीवजा ओळी अजून जशाच्या तशा आहेत. गावाच्या मधोमध गवताचं एक गोल रिंगण आहे. मध्ययुगात तिथे कॉर्निश भाषेतली धार्मिक नाटकं होत. दशावताराच्या मांडासारखी ही जागा. रात्री तिथे जाऊन पाच मिनिटं नुसतं बसावं.

जायचं कसं, ते आधी. गाडीने क्रॉयडनहून सुमारे ३०० मैल पडतात : एम २५, एम ३, मग ए ३०३ आणि शेवटपर्यंत ए ३०. ए ३०३ स्टोनहेंजच्या अगदी जवळून जातो आणि सुट्टीच्या शनिवारी सकाळी तिथे वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात. सहा तासांचा प्रवास नऊवर जाऊ शकतो. पहाटे पाचला निघा, किंवा शुक्रवारी रात्री निघून मध्ये कुठेतरी थांबा. रेल्वे मला स्वतःला जास्त आवडते. ईस्ट क्रॉयडनहून थेम्सलिंकने फॅरिंग्डन, तिथून एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टन, आणि पॅडिंग्टनहून पेन्झान्सची थेट गाडी, सुमारे पाच तासांची. जाताना डाव्या हाताची खिडकी मागा. एक्झिटर ओलांडल्यावर डॉलिशपाशी रूळ समुद्राच्या भिंतीवरूनच जातात आणि भरतीच्या वेळी वारा असेल तर काचेवर शिंतोडे येतात. प्लिमथच्या पुढे टेमर नदीवरचा ब्रुनेलचा १८५९ चा पूल लागला की कॉर्नवॉल सुरू. मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड एकाच फेरीत वसूल होतं. पेन्झान्सहून सेंट जस्ट आणि पेंडीनला बस आहेत, पण हिवाळ्यात आणि रविवारी त्या कमी होतात, तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा.

लहान मुलांना किंवा अंधाराची धास्ती असणाऱ्यांना घेऊन जाणार असाल, तर आधी एक रंगीत तालीम घराजवळच करून घ्या. क्रॉयडनहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर चिझलहर्स्ट केव्ह्ज आहेत. नावात गुहा असली तरी त्या माणसाने खणलेल्या चुनखडीच्या आणि गारगोटीच्या खाणी आहेत. सुमारे २२ मैलांची बोगद्यांची जाळी, दुसऱ्या महायुद्धात हजारो लोकांनी रात्री काढलेला आसरा, आणि नंतर गाण्याच्या मैफली. हातात कंदील देऊन वाटाड्या फिरवतो. एखाद्या वळणावर दिवे बाजूला ठेवून काळोख म्हणजे काय ते दाखवतात. त्या क्षणी तुमच्या मुलाने हात घट्ट धरला आणि नंतर सोडला, तर कॉर्नवॉलच्या खाणीत काही अडचण येणार नाही. हात सोडलाच नाही, तर तिथे जमिनीवरचं बघण्यासारखं भरपूर आहे. जबरदस्ती करू नका.

आता मुख्य ठिकाण. पेंडीनची गीव्हर खाण सेंट जस्टपासून दोन-अडीच मैलांवर आहे. तिथे किमान तीन तास द्या, चार दिलेत तर उत्तम. आठवड्याचे सगळे दिवस ती उघडी नसते, म्हणून राहण्याची जागा ठरवण्याआधी उघडण्याचे वार पाहा, नंतर नको. १९११ पासून या नावाने चाललेली ही खाण १९९० मध्ये बंद पडली. त्यामागची गोष्ट ऐकून मग आत शिरलं तर बघणं वेगळं होतं. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये, जगभर कथलाचा भाव धरून ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेची तिजोरी रिकामी झाली आणि लंडनच्या धातूबाजारात भाव कोसळला. काही महिन्यांत तो निम्म्याखाली गेला. जमिनीखाली, समुद्राच्या तळाखाली खोल जाऊन काढलेलं कथील विकून पगारही निघेना. गीव्हर कशीबशी आणखी चार वर्षं तग धरून राहिली. मग पंप बंद झाले आणि बोगदे पाण्याने भरत गेले. म्हणजे हा पुराणकाळ नव्हे. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दिवसांत इथे माणसं पाळीवर जात होती.

हे सगळ्यात जास्त जाणवतं ते 'ड्राय' नावाच्या इमारतीत. पाळीवरून आलेले कामगार इथे आंघोळ करून कपडे बदलत. कपाटं, बूट, अंगावरचे कपडे शेवटच्या दिवशी जिथे होते तिथेच राहू दिले आहेत. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळने काय पाहिलं ते ज्याने ऐकलं आहे, त्याला इथे काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुलांना इथे पळवू नका. त्यांना एकेक कपाट बघू द्या.

त्यानंतर धातुक वेगळं करण्याचा मोठा कारखाना येतो. कथलाचं धातुक, कॅसिटेराइट, साध्या दगडाच्या वाळूपेक्षा दुप्पट-अडीचपट जड असतं. दगड भरडून त्याचं पीठ करायचं, पाण्यासोबत एका उतरत्या, सतत हिसके खाणाऱ्या टेबलावर सोडायचं. हलका दगड पाण्याबरोबर वाहून जातो आणि जड धातुक काळ्या रेघेसारखं वेगळं सरकत राहतं. आई ते टेबल बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे तर पाखडणंच आहे गं." मी ते वाटाड्याला इंग्रजीत सांगितलं. तो स्वतः जुना खाणकामगार. त्याने आईला हातांनी करून दाखवायला सांगितलं. आईने हवेत सूप धरल्यासारखं करून दोनदा झटका दिला. तेव्हा त्याने आम्हाला सांगितलं की टेबलं येण्याआधी आणि नंतरही, दगडात कथील किती आहे ते पाहायला इथले जाणकार रुंद फावड्यावर थोडं भरडलेलं धातुक आणि पाणी घेऊन नेमका असाच झटका देत. त्या कामाचं त्यांच्याकडचं नाव 'व्हॅनिंग', आणि मुळात त्या शब्दाचा अर्थही धान्य पाखडणं असाच आहे. तुमच्याबरोबर घरातलं वडीलधारं माणूस असेल तर त्याला या टेबलांपाशी नक्की न्या आणि घाई करू नका. ज्याला इंग्रजी येत नाही तो माणूस इथे सगळ्यात जास्त समजून घेऊ शकतो.

खाली उतरणं शेवटी असतं. आपण खोल विहिरीत जात नाही. सागरकड्याच्या पोटातल्या, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हाताने खोदलेल्या जुन्या 'व्हील मेक्सिको' खाणीत शिरतो. 'व्हील' हा इथला खाणीसाठीचा शब्द, चाकाशी त्याचा संबंध नाही. शिरस्त्राण आणि अंगरखा तिथे मिळतो. वाट अरुंद, ओली, आणि जागोजागी छत इतकं खाली की वाकूनच चालावं लागतं. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी, दम लागणाऱ्यांनी यात पडू नये. बाबागाडी आत जात नाही. पायांत घट्ट बसणारे, चिखल झाला तरी चालणारे बूट हवेत. आई वर थांबली आणि कॅफेच्या खिडकीतून समुद्र बघत बसली. ज्यांना आत जाता येईल त्यांनी भिंतीला हात लावून पाहा. मेणबत्ती मातीच्या गोळ्याने टोपीला चिकटवून, हातोडा आणि छिन्नी घेऊन एकेक इंच पुढे गेलेल्या माणसांच्या खुणा बोटांना लागतात. बाहेर आल्यावर खाण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुवा. या भागात कथलाबरोबर आर्सेनिकही निघायचं आणि ते जुन्या आवारांच्या मातीत आहे. घाबरायचं कारण नाही, पण लहान मुलांना जुन्या भट्ट्यांभोवतीच्या मातीत खेळू देऊ नका.

गीव्हरहून कड्याच्या पायवाटेने पंधरा मिनिटांत लेव्हंट खाण येते. ती नॅशनल ट्रस्टकडे आहे, सभासदांना प्रवेश मोफत. १८४० चं वाफेचं यंत्र इथे स्वयंसेवकांनी पुन्हा चालू केलं आहे, पण ते ठरावीक दिवशीच चालतं. चालू यंत्र बघायचं असेल तर तारीख त्याप्रमाणे धरा, कारण तेलाचा वास आणि त्या मोठ्या तुळईचा संथ श्वास बंद यंत्रापाशी मिळत नाही. इथेच आणखी एक गोष्ट कळते. कामगारांना खाली-वर नेण्यासाठी एक 'मॅन-एंजिन' होतं : खोल विहिरीत वर-खाली होणारा लांबच लांब लाकडी दांडा आणि त्यावर पायऱ्या. दांडा वर आला की पायरीवर पाय, थांबला की बाजूच्या फळीवर, पुन्हा पायरीवर. २० ऑक्टोबर १९१९ रोजी दुपारी पाळी सुटून माणसं वर येत असताना त्याचा वरचा सांधा तुटला आणि ३१ जण गेले. गाव लहान, त्यामुळे एकेका गल्लीत दोन-दोन घरं उजाड झाली असतील. मी तिथे मुलीला आकडा सांगितला आणि आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो.

तिथून पुढे अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर बोटॅलॅक. कड्याच्या अगदी तळाशी, लाटांच्या वर, दोन इंजिनघरं उभी आहेत. 'पोल्डार्क' मालिका पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटतील. ही इंजिनघरं कशासाठी, हे मुलं विचारणारच. उत्तर एका शब्दात : पाणी. खाण खोल गेली की पाणी भरतं, विशेषतः ती समुद्राच्या तळाखाली गेलेली असेल तर. ते उपसायला वाफेचे पंप. कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नाही, तो वेल्सहून जहाजाने आणावा लागे आणि महाग पडे. म्हणून कमी कोळशात जास्त पाणी उपसणारं यंत्र करण्याची इथल्या कारागिरांत चुरस लागली. त्यातूनच कॅम्बोर्नचा रिचर्ड ट्रेविथिक पुढे आला. १८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने वाफेवर चालणारी गाडी कॅम्बोर्नच्या चढावर माणसांसकट चालवून दाखवली.

आई कोकणातली आहे, म्हणून असेल, पण दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की ही माणसं आपल्यासारखीच दिसतात. तिने जे पाहिलं ते खरं होतं. खडकाळ जमीन, छोटी शेतं, पाऊस, समुद्र, आणि पोट भरायला बाहेर गेलेला घरचा पुरुष. १८६६ च्या सुमारास इथल्या खाणींतल्या तांब्याचा भाव पडला, पुढे मलाया, ऑस्ट्रेलिया, बोलिव्हियातलं स्वस्त कथील बाजारात आलं, तेव्हा कॉर्निश खाणकामगार हजारोंनी देशोधडीला लागले. ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, अमेरिका. जिथे जमिनीत भोक असेल तिथे तळाशी एक कॉर्निश माणूस सापडेल असं म्हणत. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीही १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने चालवल्या आणि तिथे खाली उतरणाऱ्यांत कितीतरी कॉर्निश होते. मागे राहिलेल्या बायका महिन्याच्या टपालाची वाट पाहत, त्यात पैसे येत. आपण याला मनीऑर्डर म्हणायचो आणि त्या माणसाला चाकरमानी. क्रॉयडनमधल्या आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट हीच आहे. सेंट जस्टच्या देवळांइतक्या मोठ्या चॅपलांकडे पाहताना, ती कोणाच्या पैशातून उभी राहिली असतील हा प्रश्न मनात ठेवून पाहा.

आता जेवणाखाणाचं. कॉर्निश पॅस्टी म्हणजे ताटलीएवढी करंजी : आत सारण, बाहेर पारी, आणि कडेला मुरड. खाणकामगार ती खिशात घालून खाली नेत, तिच्या एका टोकाला नावाची अक्षरं घातलेली असत, म्हणजे अर्धी खाऊन ठेवली तरी कोणाची ते कळावं. आर्सेनिकच्या हातांनी मुरड धरायची, बाकीची खायची आणि मुरड फेकायची, असंही सांगतात. पण पॅस्टी कापडी पिशवीत धरून टोकापासून टोकापर्यंत खात असावेत असं मला जास्त पटतं, कारण कष्टाच्या माणसाने चांगलं अन्न फेकलं असेल हे खरं वाटत नाही. उरलेला तुकडा मात्र काही जण मुद्दाम ठेवत. खाणीत 'नॉकर' नावाची छोटी अदृश्य माणसं राहतात, भिंतीवर टकटक करून धोका कळवतात, त्यांच्यासाठी. कोकणात राखणदाराला काढून ठेवतात तसाच हा वाटा.

खरेदी करताना हे ध्यानात असू द्या. 'कॉर्निश पॅस्टी' या नावाला २०११ पासून कायद्याचं संरक्षण आहे आणि त्या नावाच्या पॅस्टीत गोमांस असतंच, सोबत बटाटा, कांदा आणि स्वीड हा सलगमसारखा कंद. जे गोमांस खात नाहीत त्यांनी नुसतं "पॅस्टी द्या" असं म्हणू नये. चीज-कांद्याची किंवा भाज्यांची पॅस्टी जवळजवळ प्रत्येक दुकानात असते, पण पारीत चरबी घातली आहे का, हे शाकाहाऱ्यांनी स्पष्ट विचारावं. जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांत ती घालतात. केशराच्या बनाबाबत आणि 'हेव्हा केक' नावाच्या चपट्या मनुकांच्या केकबाबतही हाच प्रश्न विचारा. केशराचा बन चुकवू नका. फिनिशियन व्यापाऱ्यांनी कथलाच्या बदल्यात केशर दिलं, अशी तिथली लोककथा आहे. ती खरी असो वा नसो, पिवळा बन लोणी लावून चहाबरोबर खाताना आपल्याला परकं काही वाटत नाही. दुपारचा क्रीम टी घ्यायचा तर इथे स्कोनवर आधी जॅम आणि वर क्रीम. डेव्हनमध्ये उलटं. ती घट्ट पिवळसर क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर धरलेली जाड साय. आईने पहिल्या घासाला ओळखली.

मासे खाणाऱ्यांसाठी माझा सल्ला पक्का आहे : स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्या. क्रॉयडनच्या लंडन रोडवरून तांदूळ, कोकम, तिखट, हळद घेऊन जा. पेन्झान्सला लागूनच न्यूलिन हे मोठं मासेमारी बंदर आहे. तिथल्या दुकानांतून मॅकरेल घ्या. तो आपल्या बांगड्याचा तेलकट, थंड पाण्यातला भाऊ आहे. कॉर्निश सार्डिन मिळालं तर ते तारलीच्या जागी चालतं. दिवसभर कड्यावरचा वारा खाऊन आल्यावर तळलेला बांगडा आणि वाफाळता भात यापुढे कुठल्याही हॉटेलचं जेवण फिकं पडतं. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि निघण्याआधी तवा नीट घासा, भाड्याचं घर आहे.

गुहांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण चूक इथेच होते. सेंट जस्टपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर सँक्रीडजवळ कार्न युनी नावाची लोहयुगातली वस्ती आहे. प्रवेश मोफत, तिकीटघर नाही, गर्दी नाही. घरांच्या दगडी पायांमधून जमिनीखाली शिरणारा सुमारे २० मीटरचा दगड रचून केलेला बोगदा आहे. त्याला 'फोगू' म्हणतात, कॉर्निश भाषेतला गुहेचाच शब्द. एकोणिसाव्या शतकात कथील शोधणाऱ्या माणसांना तो सापडला. धान्य साठवायला, लपायला की पूजेला, यावर विद्वानांचं एकमत नाही. वेरूळ-अजिंठ्याच्या मापाने पाहायला गेलात तर निराश व्हाल. तिथे कोरीव काम नाही. ओल्या दगडांवर हिरवट शेवाळ, शांतता, आणि दोन हजारांहून अधिक वर्षं जुनी एक वाकलेली भिंत, एवढंच आहे. आम्हाला सगळ्या सहलीत हीच जागा सर्वांत जास्त आवडली. पायवाट दगडधोंड्यांची आहे, शेवटचा टप्पा चालत जावा लागतो, आणि टॉर्च बरोबर ठेवा.

समुद्रगुहा बघायच्या असतील तर सेंट ॲग्नेसजवळ चॅपल पोर्थच्या किनाऱ्यावर व्हील कोट्स खाणीच्या खाली मोठी गुहा आहे. परतीच्या वाटेवर उत्तरेला टिंटॅजेलच्या किल्ल्याखाली मर्लिनची गुहा आहे, खडकाच्या आरपार गेलेली. दोन्ही फक्त ओहोटीला. चॅपल पोर्थची वाळू भरतीला जवळजवळ नाहीशी होते आणि पाणी मागून येऊन वाट बंद करतं. ओहोटीची वेळ आधी पाहा, ओहोटी लागत असताना जा, आणि ती पूर्ण होण्याआधीच परत फिरा. रत्नागिरीत आयुष्य काढलेल्यांनाही हे सांगते आहे, कारण इथली भरती आपल्यापेक्षा बरीच उंच आणि पाणी फार थंड असतं. अडकलातच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

आणि एक गोष्ट निक्षून. कड्यांवर, माळावर, झुडपांत जुन्या खाणींची तोंडं आहेत. काहींभोवती दगडी गडगा आहे, काहींवर जाळी, काही नुसती झाकलेली. खाणीच्या ज्या बोगद्यावर तिकीट आणि वाटाड्या नाही, त्यात एक पाऊलही टाकायचं नाही. पायवाट सोडून फोटोसाठी कुठल्या उंचवट्यावर चढायचं नाही. मुलांना हे गाडीतून उतरण्याआधी सांगा.

हवेचं म्हणाल तर मे ते सप्टेंबर बरा. शाळेची सक्ती नसेल तर सप्टेंबर, असेल तर ऑक्टोबरची मधली सुट्टी. ऑगस्टमध्ये राहायच्या जागा महाग आणि रस्ते भरलेले. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट, एक जादा मोज्यांचा जोड, आणि थर्मासमध्ये चहा. 'मिझल' नावाचा एक पाऊस इथे पडतो, धुकं आणि झिमझिम यांच्या मधला. आंबोली घाटात जून संपताना असतो तसा. त्यात इंजिनघरं जास्तच चांगली दिसतात, तेव्हा दिवस वाया गेला असं समजून खोलीत बसू नका.

तिसरा दिवस मिळाला तर तो रेडरूथ-कॅम्बोर्नला द्या. रेडरूथमध्ये विल्यम मर्डॉकचं घर आहे, ज्याने १७९० च्या दशकात आपलं राहतं घर कोळशाच्या वायूने उजळलं. गावाबाहेर ग्वेनॅप पिट, हिरव्या गवताच्या पायऱ्यांचा मोठा गोल खड्डा, बहुधा खालच्या खाणकामाने जमीन खचून झालेला. जॉन वेस्लीने तिथे १७६२ ते १७८९ या काळात अठरा वेळा प्रवचन केलं. कॅम्बोर्नला ट्रेविथिकचा पुतळा आहे, हातात त्याच्या गाडीची प्रतिकृती घेऊन उभा. दोन गावांच्या मध्ये ईस्ट पूल खाण नॅशनल ट्रस्टची. आणि तिथून दिसणारी साउथ क्रॉफ्टी, कॉर्नवॉलमधली बंद झालेली शेवटची कथील खाण, मार्च १९९८ मध्ये थांबली. ती पुन्हा सुरू करण्याची खटपट गेली काही वर्षं चालू आहे, कारण आपल्या प्रत्येक फोनमधलं झाळकाम कथलानेच होतं. मलायातल्या पेराकच्या काही खाणकंपन्यांचा कारभारही एकेकाळी रेडरूथहून चालायचा. तुमच्यापैकी कोणी मलेशियात त्याच पेराकमधल्या इपोहला गेलं असेल, तिथली चुनखडीच्या गुहांतली देवळं पाहिली असतील, तर त्या गावाचा हा एक धागा इथे लागतो.

परतताना रविवारी दिवसाची गाडी गर्दीची असते. पेन्झान्सहून रात्री झोपायची गाडी आहे, शनिवार सोडून रोज. पहाटे पॅडिंग्टनला पोचते, आणि सोमवारी कामाच्या वेळेआधी ईस्ट क्रॉयडनला घरी येता येतं. बर्थ लवकर भरतात, म्हणून तिकीट काही आठवडे आधी काढा. बर्थ न मिळाल्यास बसायची जागा बरीच स्वस्त पडते, पण वडीलधाऱ्यांना ती रात्र जड जाते. पेन्झान्सची दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, तेव्हा चार वाजायच्या आतच पॅस्ट्या घेऊन ठेवा आणि कागदात गुंडाळून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, म्हणजे भाज्यांच्या आणि मांसाच्या मिसळणार नाहीत. घरी गरम करायच्या तर ओव्हनमध्ये, १८० अंशांवर वीसेक मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.